सोलापुरात रोजगार वाढवायचाय? आधी ऑर्डर, मग मशीन

मोठी कंपनी कधी येणार हा प्रश्न सोलापुरात दर निवडणुकीला निघतो, आणि निवडणूक झाली की विसरला जातो. तोवर पोरं हिंजवडी, खराडी, चाकण गाठतात आणि शुक्रवारी रात्री पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स फुल. हे लिहितोय ते कंपनीची वाट बघून कंटाळलेल्यांसाठी. तुम्ही कारखानदारांच्या संघटनेत असाल, बचत गट चालवत असाल, नगरसेवक असाल, नाहीतर चार मशीन टाकून काहीतरी करू म्हणणारा साधा माणूस असाल, तर काय आधी करायचं आणि काय नंतर, एवढंच सांगतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरणं मात्र सगळी आपल्या गावची.

थोडा इतिहास बघू कारण रोग तिथेच सापडतो. 1877 ला जुनी मिल आली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, आणि सगळं गाव भोंग्यावर चालायला लागलं. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, बाकीच्यांचं पुढे एकेक करून तेच झालं. भार उचलला यंत्रमागांनी, म्हणजे चादर आणि टॉवेलनी, आणि घरातल्या बायकांनी विड्या वळून. म्हणजे शंभर वर्षं एका धंद्यावर राहिलेलं गाव मिल गेल्यावर दोन धंद्यांवर आलं, आणि ते दोन्हीही असे की सुताचा भाव चढला किंवा तंबाखूवर नवा नियम आला की अर्धा पूर्व भाग (आपल्याकडची यंत्रमाग आणि विडीवाल्यांची वस्ती) अडचणीत.

यावर उपाय म्हणून आपण परत एकच मोठी गोष्ट शोधतो. फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा वीज प्रकल्प झाला, वाईट नाही झालं, पण असल्या प्रकल्पाला जेवढी जमीन आणि पाणी लागतं त्या मानाने कायमच्या नोकऱ्या मोजक्या असतात, जास्त माणसं लागतात ती बांधकाम चालू असेपर्यंत. विमानतळाचंही तसंच. सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानाच्या वाटेत येणारी चिमणी 15 जून 2023 ला पाडली त्यावर गावात किती भांडणं झाली ते सगळ्यांना आठवतं, शेवटी जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. चांगलंच आहे. पण विमान सुरू झालं म्हणून कुणाच्या लूमला ऑर्डर येत नाही, खरेदीदार विमानातून उतरून कुठे बघायला जाणार हे आधी ठरलेलं पाहिजे.

तर पहिलं काम, हातांची मोजणी. बेरोजगार किती हे मोजून काही होत नाही, कोणाला काय येतं ते मोजा. जॅकार्डवर (नक्षी विणायच्या लूमवर) डिझाईन कोण बसवतं, डाईंग म्हणजे रंगाईचे मास्तर किती, वार्पिंग आणि बीमचं (ताणा लावायचं) काम करणारे किती, कांडी भरणाऱ्या किती, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या किती, लूमचा फिटर कोण, आणि यातले महिन्यात किती दिवस रिकामे. डिग्री विचारू नका, कारण तीस वर्षं लूम दुरुस्त केलेला माणूस सातवी नापास असतो आणि फॉर्मवर तो अकुशल कामगार म्हणून जातो. हे सर्वेक्षण करायला तेलुगू बोलणारी पोरं-पोरी घ्या, दत्त नगर अशोक चौकाकडच्या घरांत मराठी फॉर्म घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतील, किंवा "हो हो" म्हणून सगळीकडे टिकमार्क करून देतील. काही वस्त्यांत कन्नड लागेल, काही ठिकाणी दखनी. एक वॉर्ड घ्या, शंभर-दोनशे घरं करा, पूर्ण शहराचा अहवाल करायच्या नादाला लागू नका, ते दोन वर्षं चालतं आणि मग कपाटात जातं.

मोजणी झाली की शेजारचं काम शोधायचं. शेजारचं म्हणजे काय, तर त्याच माणसाला, जवळजवळ त्याच मशीनवर, थोडं शिकून करता येईल पण गिऱ्हाईक वेगळं असेल असं काम. कोइमतूर बघा. तेही गिरण्यांचंच गाव. पण गिरण्यांची मशिनरी दुरुस्त करता करता तिथे फाउंड्री वाढल्या, मोटारी आणि पंप बनायला लागले, वेट ग्राइंडर तर इतका की त्याला जीआय (गावाच्या नावाचा कायदेशीर शिक्का) मिळाला. गिरण्यांना तिथेही वाईट दिवस आले पण गाव तेवढं हललं नाही. आपल्याकडे कोल्हापूरच्या फाउंड्र्या साधारण अशाच शेतीच्या इंजिनांच्या नादाने मोठ्या झाल्या. यातल्या कुणीही आधी मंत्रालयात जाऊन पार्क मागितलं नव्हतं.

आता टॉवेलचंच उदाहरण नीट उलगडून बघू. सोलापूरचा टेरी टॉवेल बाहेरच्या देशात जातो, चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय आहे. आता टॉवेलवाल्याच्या शेजारचं काम काय, तर हॉटेलचं आणि हॉस्पिटलचं. बाथरोब, बाथमॅट, फेस टॉवेल, स्पाचे मोठे टॉवेल, पेशंटचे गाऊन. कापड तेच, लूप (टॉवेलवर उठलेले धाग्याचे फासे) तेच. पण बाथरोबमध्ये फरक कुठे पडतो ते बघा. टॉवेल चौकोनी असतो, कापला की कडा शिवल्या, वाया काही जात नाही. रोबला बाही, कॉलर, खिसा, पट्टा, म्हणजे कटिंगमध्ये चिंधी निघणार. पहिल्यांदा रोब करणारा टॉवेलच्याच हिशेबाने किलोवर भाव सांगतो आणि चिंधी त्याच्या नफ्यातून जाते. म्हणून कॉस्टिंगचा कागद वेगळा करा: सूत, विणाई, डाईंग, कटिंगची घट, शिलाई, घडी-पॅकिंग, रिजेक्शन, ट्रान्सपोर्ट, आणि पैसे यायला लागणाऱ्या दिवसांचं व्याज. हे शेवटचं बहुतेक जण धरतच नाहीत. निघालेल्या चिंधीची लहान बाळांची लाळेरी, किचन नॅपकिन, गाड्या पुसायची फडकी होतात आणि ते काम घरी बसून करता येतं.

हॉटेलवाला तुम्हाला डिझाईन किती भारी आहे ते विचारणार नाही. तो विचारणार जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम) किती, धुतल्यावर किती आटतो, रंग जातो का, लूप ओढले जातात का. त्यामुळे सॅम्पल द्यायच्या आधी ते स्वतः लॉन्ड्रीच्या गरम पाण्यात दहा-पंधरा वेळा धुऊन घ्या आणि धुतलेला आणि कोरा असे दोन्ही पीस घेऊन जा, धुतलेला आधी दाखवा. बाकी बोलायची गरज पडत नाही.

आणि इथेच ते मुख्य, आधी ऑर्डर मग मशीन. आपल्याकडे उलटं चालतं. अनुदान आलं की नवा, वेगवान रॅपियर लूम येतो, मग लूम आला म्हणून बँकेचा हप्ता आला, मग हप्त्यासाठी मिळेल त्या भावात जॉबवर्क. मशीन भाड्याने मिळतं, दुसऱ्याच्या शेडमध्ये दुसऱ्या पाळीला चालवता येतं, शिलाई बाहेरून करून घेता येते. दोन-तीन ऑर्डरी अशा जोडतोड करून पूर्ण करा, त्याच गिऱ्हाईकाने परत ऑर्डर दिली की मग बँकेत जा. परत आलेली ऑर्डर हाच खरा प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएने छापून दिलेला नव्हे.

युनिफॉर्मचा धंदा सोलापुरात याच पद्धतीने वाढला हे लक्षात घ्या. इथल्या रेडिमेडवाल्यांनी स्वतः एकत्र येऊन युनिफॉर्मची प्रदर्शनं भरवली, बाहेरचे खरेदीदार गावात आणले. पण त्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे सीझन. शाळेचं काम जानेवारीपासून जूनपर्यंत तुफान, रात्रीचा दिवस, आणि जुलैनंतर शिलाईवाल्या बाया घरी बसतात, मग पुढच्या वर्षी त्या सापडत नाहीत, परत नवीन शिकवा. ते अर्धं वर्ष भरायला हॉस्पिटलचे स्क्रब, सिक्युरिटी गार्डचे ड्रेस, कारखान्याचे बॉयलर सूट, हॉटेल स्टाफ, याच्या मागे लागायला पाहिजे, आणि ते मार्चमध्ये नाही, मार्चमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, ऑगस्टमध्ये. दुसरं भोक म्हणजे युनिफॉर्मचं बरंचसं कापड भिलवाड्याकडून येतं. एकाच गावात लूमवाला काम नाही म्हणून रडतोय आणि शिलाईवाला बाहेरून तागे मागवतोय. लगेच सगळं इथे विणता येणार नाही, साध्या लूमवर तर नाहीच. पण ॲप्रन, डस्टर, हॉस्पिटलची बेडशीट, ऑपरेशन थिएटरचं हिरवं कापड एवढं तरी इथे होऊ शकतं. दोन संघटनांच्या लोकांना एका टेबलाला बसवा आणि वर्षाला कुठलं कापड किती मीटर लागतं त्याची यादी करा, फार मोठं काम नाहीये हे.

सरकारी खरेदीकडेही बघा. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आधार आणि पॅनवर होतं, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटला हाकलून द्या. केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना त्यांच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचं बंधन आहे, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडरच्या अनामत रकमेतही सूट मिळते. जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीची वेबसाइट) बेडशीट, टॉवेल, युनिफॉर्म सगळं असतं. फक्त पहिलं टेंडर छोटं घ्या, कारण मोठ्या टेंडरमध्ये डिलिव्हरी चुकली की दंड लागतो आणि मग माणूस परत त्या वाटेला जात नाही.

आता विडीचा विषय, हा नाजूक आहे आणि यावर बाहेरून आलेले लोक सगळ्यात जास्त चुकतात. येतात, म्हणतात विडी आरोग्याला वाईट, बायकांना तीन महिने शिलाईचं ट्रेनिंग देऊ, त्या सुटतील. नाही सुटत. का ते एखाद्या विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) मावशीला विचारा. ती पानं आणि तंबाखू घरी आणते, पोरं सांभाळत, स्वयंपाक करत वळते, हजारामागे मजुरी. मजुरी कमी आहे, छाटणीत विड्या काढून टाकतात त्याचाही तोटा तिलाच, हे सगळं खरं. पण तिच्या नावाचा पीएफ आहे, म्हातारपणी थोडी का होईना पेन्शन आहे, विडी कामगाराचं कार्ड आहे, त्यावर दवाखाना आणि पोरांची स्कॉलरशिप. तुम्ही तिला देताय काय, तर पीस रेटवर शिलाई, पीएफ नाही, सहा महिने काम आणि सहा महिने सुट्टी. ती कशाला येईल हो! अक्कल तिला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून विडीतून बाहेर काढायचं असेल तर क्रम असा ठेवा. ट्रेनिंगच्या काळात रोजची बुडणारी मजुरी भरून द्या. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं, त्यात ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये स्टायपेंड आणि टूलकिटला 15,000 रुपयांपर्यंत मिळतात, पुढे 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि मग 2 लाखांपर्यंत कर्ज. पण नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं एवढ्यांत मिळून एकालाच मिळतं हे आधी सांगा नाहीतर मायलेकीत भांडण. दुसरं, शेड घराजवळ पाहिजे आणि तिथे लहान पोरं ठेवायची सोय पाहिजे. तिसरं, पहिल्या दिवसापासून पीएफ. मालक म्हणतो परवडत नाही, तर मग त्याचा माल स्वस्तात विकला जातोय, कॉस्टिंगचा कागद परत काढा. आणि पहिली दोन वर्षं चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या मागे लागू नका, त्यांच्या पेन्शनची वर्षं भरत आलेली असतात. त्यांच्या पोरी आणि सुना घ्या.

जागेचं म्हणाल तर कुंभारीला रे नगरमध्ये यंत्रमाग आणि विडी कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प आहे, त्यातली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली. एवढी शिकलेली बोटं एका जागी, आणि कामाच्या ठिकाणी यायचं तर शहरात या, बसला पैसे घाला. कुणाला नवीन शेड टाकायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे, तिकडे टाका, किंवा निदान कटिंग एमआयडीसीत आणि शिलाई तिकडे असं करा. मोठ्या भाषणांपेक्षा सकाळ-संध्याकाळ वेळेवर येणारी सिटी बस तिथे जास्त रोजगार देईल.

शेड टाकताना एक गोष्ट अजिबात सोडू नका. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि 8 माणसं गेली. सूत, कापड, लिंट (उडणारा सुताचा भुसा) हे सगळं पेटणारं आहे. राहायची खोली कारखान्याच्या आत नको, दुसरा दरवाजा पाहिजे आणि तो मालाच्या गठ्ठ्यांनी अडवलेला नको, वायरिंग नवीन पाहिजे. बाहेरचा मोठा खरेदीदार ऑडिटला आला तर तो डिझाईनच्या आधी हेच बघतो, त्यामुळे हा खर्च धंद्याचाच आहे.

कापडाच्या बाहेर काय? दोन गोष्टी हाताशी आहेत, ज्वारी आणि डाळिंब. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला जीआय आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्याकडे केगावला आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तर काय सांगायला नको, पुण्या-मुंबईत पाकिटं जातात, बाहेरच्या देशात राहणारे बॅगेत भरून नेतात. बचत गटांनी यात चांगलं काम केलंय. अडतं ते पॅकिंगला. भाकरी प्रवासात तुटते आणि पावसाळ्यात मऊ पडते, चटणीला खवट वास येतो. त्यामुळे पैसे खर्च करायचे तर आधी डब्यावर आणि सीलिंग मशीनवर करा, भाकरी करायच्या मशीनवर नंतर, गिऱ्हाईक हाताच्या भाकरीलाच पैसे देतं. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याचं) बेसिक रजिस्ट्रेशन वर्षाला 100 रुपयांत होतं. पीएमएफएमई योजनेत छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडलेलं आहे, हातात रोख मिळत नाही. डाळिंबात तेल्या रोगाने बागा जातात, भाव पडतात, म्हणून तडकलेल्या आणि बारीक फळाचे दाणे, रस, अनारदाना करणारं युनिट बागायतदारांच्या गटानेच टाकलेलं बरं, एकट्याने टाकलं तर सीझनला फळ मिळतं आणि नंतर मशीन झाकून ठेवावं लागतं.

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तिन्ही तासा-दीड तासावर. भाविक सोलापुरावरून जातात, थांबत नाहीत. एक रात्र थांबले तरी लॉज, रिक्षा, जेवण, चादरीचं दुकान सगळ्यांना काम. पण शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हॉटेलवाला टँकरवर किती दिवस काढणार, त्यामुळे पर्यटनाच्या सगळ्या गप्पा आधी उजनी धरणाच्या पाइपलाइनशी येऊन थांबतात. डाईंगलाही तेच पाणी, आणि रंगाचं सांडपाणी सोडायचं कुठे हा प्रश्न वेगळा. तिरुपूरला 2011 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने डाईंग युनिट बंद झाली होती, सगळा निर्यातीचा धंदा अडकला. आपल्याकडे ती वेळ यायच्या आधी सामाईक प्रक्रिया केंद्रात वर्गणी भरा, रोज वैताग वाटला तरी.

आयटीबद्दल थोडक्यात. पार्कची इमारत नको असं नाही, पण आपल्या कॉलेजांतून इंजिनिअर निघतात आणि पुण्यात भाड्याने राहतात, त्यातल्या दहा-बारा वर्षं अनुभव झालेल्यांना परत यायचं असतं, आईवडील इथे असतात. अशांना वीस खुर्च्यांचं, बॅकअप लाईट आणि दोन इंटरनेट लाइन असलेलं ऑफिस भाड्याने मिळालं तर ते स्वतःचं पुण्याचं काम इथे घेऊन येतात. इथून सुरुवात करा.

पैशाचं. नवीन युनिट असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपी (नवीन उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) विचारा, उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान शहरात सर्वसाधारण गटाला 15 आणि महिला, मागास प्रवर्ग वगैरेंना 25 टक्के, गावात दोन्हींना त्याच्यावर 10 टक्के जास्त. आधीच चालू असलेल्या युनिटला हे मिळत नाही, त्यामुळे गडबडीत आधी मशीन घेऊन टाकू नका. सबसिडी धरून नफा दिसत असेल आणि सबसिडी काढली की तोटा, तर तो धंदा करू नका.

चादरवाल्यांसाठी एक वेगळं. बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी चादर बऱ्याचदा पानिपतची असते, हे आपण सगळे बोलतो, पण जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवलेले आपल्यात किती? नोंदणीची फी नाममात्र आहे, अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे जातो, संघटनेला एका दिवसात पन्नास जणांचे फॉर्म भरून घेता येतात. नाव नोंदवलेलं नसेल तर नकली मालावर तक्रार करायला आपण कुठल्या तोंडाने जाणार.

आणि उधारी. सोलापुरातली बरीच छोटी युनिट ऑर्डर नाही म्हणून मरत नाहीत, ऑर्डर पुरी करून सहा महिने पैसे न आल्याने मरतात. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, उशिरा दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. 1 एप्रिल 2024 पासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, म्हणजे मार्च महिन्यात त्याचा सीएच त्याच्या मागे लागतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा, ऑर्डर व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या, आणि फेब्रुवारीत सगळ्या थकबाकीदारांना एक सभ्य पत्र पाठवा, सोबत उद्यमचं सर्टिफिकेट जोडून. त्याने नाही झालं तर केंद्राच्या लघुउद्योग खात्याच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण गिऱ्हाईक तुटतं म्हणून कोणी एकटा करत नाही. ते संघटनेच्या लेटरहेडवरून करा, आणि कोण पैसे थकवतं त्याची यादी आपसात ठेवा, म्हणजे आज एकाला बुडवून तोच माणूस उद्या शेजारच्या शेडमध्ये ऑर्डर घेऊन यायचा नाही.